कडुनिंबाच्या ब्रशचा राग

मित्रांनो, मी दात घासायचा एक जुना लाकडी ब्रश आहे. माझा दांडा कडुनिंबाचा आहे आणि डोक्यात म्स्वाकीच्या मुळाचा कुंचा आहे. लामू बेटावर बी बार्के नावाच्या बाईच्या घरी, चुलीशेजारच्या कोनाड्यात मी आजवर राहिलो. आपली हकीकत सांगताना गोड बोलावे, असे म्हणतात. मला ते जमणार नाही. मी कडू झाडाचा आहे आणि मला राग आला आहे. आधी त्या रागाचे कारण ऐका. मग माझी समजूत काढायची की नाही, ते तुम्हीच ठरवा.

म्स्वाकी हे एका झुडपाचे नाव आहे. समोरच्या मुख्य भूमीवर, खारट जमिनीत ते वाढते. त्याचे मूळ सोलून चावले की टोकाला मऊ दोरे सुटतात. आमची माणसे पिढ्यानपिढ्या त्यानेच दात घासत आली. म्हणून दात घासायच्या वस्तूलाही आमच्याकडे म्स्वाकीच म्हणतात. पुढे दुकानांत प्लास्टिकचे ब्रश आले आणि लोक त्यांनाही म्स्वाकी म्हणू लागले. झाडाचे काम तर गेलेच, पण त्याचे नावही प्लास्टिकने घेतले. दुसऱ्याचे नाव घेऊन मिरवणाऱ्यांशी माझी गाठ पुढेही पडायची होती. ते मी सांगणारच आहे.

ही हकीकत सुरू झाली तेव्हा मी ब्रश नव्हतो. फमाऊ सुताराच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या एका फांदीत होतो. फमाऊ दारांच्या चौकटी कोरायचा, पेट्या आणि पलंग करायचा. लोक त्याला फुंदी म्हणत. आमच्याकडे हातात कसब असलेल्या माणसाला फुंदी म्हणतात. बोलायला तो कमी, आणि जे बोलायचा तेही हातातल्या लाकडाकडे बघून.

बी बार्के, म्हणजे आमच्या बोलीत बार्केबाई, ही त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वारल्यावर तिने घर चालवले ते गाढवाच्या जोरावर. आमच्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन गाढवे समोरासमोर आली तर एकाला मागे सरावे लागते. तिथे मोटार कुठून येणार? वाळू, चुना, पोवळ्याचे दगड, पिठाची पोती, सगळे धक्क्यावरून गाढवाच्या पाठीवर येते. बार्केचे गाढव तुफानी. नाव तुफानी, चाल मात्र गोगलगायीची. दुपारी ती त्याला माझ्या सावलीत बांधायची आणि स्वतः ओट्यावर बसून तोंडाच्या कोपऱ्यात म्स्वाकीची काडी धरून त्याला बोल लावायची.

"काय रे, आज तीन खेपा झाल्या. तीनच. धक्क्यावरचे लोक मला विचारतात, बी बार्के, गाढव आणलंय की ओंडका?"

तुफानी कान हलवायचा. ती उठून त्याच्या मानेवरच्या माश्या हाकलायची. पंचावन्न वर्षांची बाई होती ती, उंच, वाळकी, पण एकही दात पडलेला नव्हता. भांडायला उभी राहिली की ते दात आधी दिसायचे.

एका आठवड्यात तुफानीने खाणे सोडले. त्याचे पोट नगाऱ्यासारखे फुगले. गाढवांच्या दवाखान्यातले डॉक्टर दोनदा येऊन गेले, औषध पाजले, नळी घातली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याखाली आडवा पडला आणि उठला नाही. त्याचे डोके बार्केच्या मांडीवर होते. ती रडली नाही. तिने डॉक्टरांना विचारले, "कशानं गेला, ते मला बघायचंय."

डॉक्टरांनी पोट उघडले. मी वरून सगळे पाहिले. आत पिशव्यांचा एक गोळा होता, दोरीसारखा पिळलेला, डोक्याएवढा. त्या गोळ्यात नायलॉनची दोरी होती, बाटलीची झाकणे होती, आणि बोटाएवढे आखूड असे चार पांढरे ब्रश होते. दोन अख्खे होते, दोन चावून मोडलेले. प्रत्येकावर निळ्या अक्षरांत लिहिले होते, फेरुझी हाउस.

फेरुझी हाउस हे किनाऱ्यावरचे मोठे हॉटेल. तिथे पाहुण्यांना रोज सकाळी नवा ब्रश मिळायचा. पाहुणा एकदा दात घासायचा आणि टाकून द्यायचा. खोल्यांचा कचरा आणि स्वयंपाकघरातली कलिंगडाची साले एकाच पिशवीत बांधून मागच्या उकिरड्यावर जायची. तुफानीला सालांचा वास आला. त्याने पिशवीसकट खाल्ले. गाढवाला गाठ सोडता येत नाही, मित्रांनो. पिशवी बांधणाऱ्यांना तरी हे कळायला हवे होते.

बार्केने ते चार ब्रश विहिरीच्या पाण्याने धुतले. लेसोच्या, म्हणजे अंगावरच्या छापील वस्त्राच्या, टोकात बांधले आणि ती तशीच हॉटेलकडे निघाली. परत आली तेव्हा ऊन उतरले होते. फमाऊ रंधा मारत बसला होता. तिथे काय घडले ते तिने त्याला सांगितले आणि मी ऐकले.

"पाहुणे चहा पीत होते. मी गेले आणि त्यांच्या मधल्या टेबलावर, आंब्याच्या रसाशेजारी, चारही ब्रश ओळीनं मांडले. म्हटलं, तुमचे आहेत, परत आणलेत. धुऊन आणलेत."

फमाऊचा रंधा थांबला. "मग?"

"मग तो मॅनेजर नासोरो पळत आला. म्हणतो, बी बार्के, गाढव उकिरड्यावर मोकळं सोडायचं नसतं. मी म्हटलं, मॅनेजरसाहेब, तुम्ही उकिरडा मोकळा सोडलाय, आधी त्याला दावं लावा. मग म्हणाला, नुकसानभरपाई देतो. मी म्हटलं, ती तुमच्याजवळ ठेवा, तुम्ही हे ब्रश वापरणं बंद करा. तर हसायला लागला. पाहुण्यांनी काय काड्या चघळायच्या का, म्हणतो. मी त्याला माझे दात दाखवले आणि म्हटलं, तुमचे दाखवा बघू."

"दाखवले त्यानं?"

"तोंड मिटून घेतलं मेल्यानं. पण सगळ्यांसमोर बोलून गेला. म्हणाला, पाहुण्याच्या हातात देता येईल असा लाकडाचा ब्रश आणून दाखवा, प्लास्टिक त्याच दिवशी बंद करतो." बार्के ओट्यावर बसली. "भावजी, तो मला वाटेला लावायला बोलला. पण बोललाय. आता तुम्ही ब्रश करायचा."

"मी दारं करतो, वहिनी."

"मग बारीक दार करा."

दुसऱ्या दिवशी फमाऊने करवत घेऊन माझी फांदी उतरवली. महिनाभर तिला सावलीत वाळवले. मग चिरली, तासली. त्याने केलेला पहिला नमुना बार्केने हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारले, "ह्यानं दात घासायचे की होडी वल्हवायची?" दुसऱ्याला ती म्हणाली, "हा तोंडात गेला तर पाहुणा परत बोलायचा नाही." फमाऊ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने लाकडाचा एक अरुंद तुकडा निवडला. तो तुकडा म्हणजे मी.

पटाशीने मला आकार दिला. डोक्याजवळ गिरमिटाने भोक पाडले. पॉलिश पेपरने इतके घासले की माझ्या अंगावर एक कुसळ उरले नाही. मग खोबरेल तेल चोळले. बार्केने होडीने पलीकडे जाऊन म्स्वाकीची मुळे आणली होती. तिने एक तुकडा भिजवला, सोलला, दगडावर हलके हलके ठेचला. त्याचे दोरे सुटले. तो तुकडा फमाऊने माझ्या भोकात ठोकून बसवला आणि बारीक खुंटीने आवळला. कुंचा झिजला की खुंटी काढायची, नवे मूळ बसवायचे. दांडा तोच. साधी युक्ती होती. पण ती सुचायला एक गाढव मरावे लागले, याची मला आजही चीड येते.

महिनाभर बार्केने मला स्वतः वापरले. पहाटे विहिरीवर, रात्री जेवणानंतर. माझ्या आयुष्यातले खरे काम ते तेवढेच. त्या महिन्यात मी कुणाला दाखवायला नव्हतो, कुणाच्या भाषणात नव्हतो. दात घासायचे, पाण्यात बुडायचे, वाऱ्यावर वाळायचे. मला ते दिवस फार आवडले.

मग तिने मला नासोरोच्या टेबलावर ठेवले.

नासोरोने मला बोटांनी फिरवून पाहिले. त्याच वेळी तिथे काही पाहुणे उभे होते. त्यांनी मला हातात घेतले, वास घेतला, माझे फोटो काढले. एक म्हातारी बाई तर म्हणाली, असा ब्रश मिळणार असेल तर ती पुढच्या वर्षी पुन्हा येईल. नासोरोचे डोळे चमकले. त्याला गाढव आठवले नव्हते. त्याला ती बाई पुढच्या वर्षी येताना दिसली होती. पण काम झाले. प्लास्टिकचे ब्रश बंद झाले.

फमाऊच्या अंगणात पाच बायका कामाला लागल्या. कुणी मुळे सोलायची, कुणी ठेचायची, कुणी दांड्यांना तेल लावायची. दिवसभर दगडांचा ठकठक आवाज आणि त्यावर गप्पा. पाहुण्याला राहायला आल्यावर एक ब्रश मिळायचा. तो तेवढाच वापरायचा आणि जाताना घरी न्यायचा. बार्केला पुन्हा गाढव घ्या असे कुणी म्हटले तर ती म्हणायची, "आधी उकिरडा बघते, मग गाढव बघते."

मला मात्र नासोरोने मागून घेतले. मी पहिला होतो ना. हॉटेलच्या दाराशी काचेची एक पेटी होती. तिच्यात मखमलीवर मला निजवले. शेजारी पाटी लावली, 'प्लास्टिकमुक्त फेरुझी'. त्याखाली कार्ड. कार्डावर बार्केचा हसरा फोटो आणि मजकूर, 'हा ब्रश लामूच्या स्त्रियांनी कडुनिंबापासून घडवला आहे.' बार्केने मोठ्या अभिमानाने मला दिले. मलाही तेव्हा बरे वाटले, खोटे कशाला बोलू? कौतुक कुणाला आवडत नाही? दोन वर्षे मी त्या पेटीत होतो. हळूहळू माझा कुंचा वाळून काथ्यासारखा झाला. दात घासायच्या वस्तूने दात न घासता नुसते पडून राहायचे, ही कसली शाबासकी?

त्या पेटीची काच रोज सकाळी झुहुरा पुसायची. ती खोल्या झाडायला होती. दोन मुलांची आई, नवरा मासेमारीला. काच पुसताना ती माझ्याशी नव्हे, पण स्वतःशी पुटपुटत असे, आणि हॉटेलात काय चालले आहे ते मला त्यातून कळे.

आधी ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत यायला लागले. अंगणातून जाताना कागदात जायचे, इथे आल्यावर प्रत्येकाला पारदर्शक पिशवीत बंद करून चिकटवायचे. बार्केला कळले तशी ती आली.

"मॅनेजरसाहेब, ही पिशवी कुणाच्या पोटात घालायची?"

"स्वच्छता असते, बी बार्के. पाहुण्यांना सीलबंद लागतं."

"सीलबंद कफन पाठवा मग. कागदात काय वाईट होतं?"

"बघतो," नासोरो म्हणाला. त्याने पाहिले नाही. पिशव्या चालूच राहिल्या. बार्के दोन वेळा येऊन भांडली, तिसऱ्या वेळी पहारेकऱ्याने तिला सांगितले की साहेब बाहेर गेले आहेत. साहेब आत होते. मी त्यांना पाहत होतो.

मग अंगणातून ब्रश मागवणे कमी झाले. नासोरोने निरोप धाडला, यंदा पाहुणे कमी आहेत. त्याच आठवड्यात झुहुरा काच पुसताना पुटपुटली, "एक खोली रिकामी नाही, कंबर मोडली माझी." मी ऐकले आणि मला काही कळेना. खोल्या भरलेल्या, मग ब्रश कुठून येताहेत?

चार दिवसांनी कळले. होडीतून तीन खोकी आली. माझ्या पेटीसमोरच ती फोडली. आत ब्रश होते, माझ्याच रंगाचे. माझ्यासारखाच दांडा, त्यावर लाकडाच्या रेषा, माझ्या अंगावर आहेत तशाच. क्षणभर मला वाटले, माझीच भावंडे आली. एका पोऱ्याने मूठभर ब्रश उचलून टोपलीत टाकले आणि आवाज झाला. लाकूड लाकडावर पडले की ठक वाजते. हे खडखडले. हलके, पोकळ. लाकडाचा रंग दिलेले प्लास्टिक होते ते. वरच्या रेषा छापलेल्या होत्या. आणि प्रत्येकाबरोबर तेच कार्ड, बार्केचा तोच हसरा फोटो, तोच मजकूर, 'कडुनिंबापासून घडवला आहे.'

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा तोंड नसल्याचे दुःख झाले. दोन वर्षे ज्या पेटीत मला मिरवले, ती पेटी म्हणजे या खोट्याची जाहिरात होती. मला बघायचे, माझ्यावर विश्वास ठेवायचा आणि खोलीत जाऊन प्लास्टिक तोंडात घालायचे. मी त्यांच्या लबाडीचा साक्षीदार नव्हतो, तिचे आमिष होतो.

झुहुराने त्यातला एक ब्रश पदराआड लपवून घरी नेला आणि चुलीत धरला. तो वितळून ठिबकायला लागला. ती त्याच पावली फमाऊच्या अंगणात गेली. हे तिनेच पुढे मला जवळ घेऊन बसलेल्या बार्केला पुन्हा पुन्हा सांगितले, म्हणून मला ठाऊक आहे.

"मावशी, माझं नाव येता कामा नये," ती म्हणाली होती. "मुलांच्या तोंडचा घास जाईल."

"तुझं नाव माझ्या तोंडातून निघणार नाही," बार्के म्हणाली. "माझे सगळे दात पडले तरी."

पुढच्या शुक्रवारी फेरुझी हाउसमध्ये समारंभ होता. मोठ्या शहरातून एक समिती यायची होती आणि समुद्रकिनारा स्वच्छ ठेवल्याबद्दल हॉटेलला सन्मानपत्र मिळायचे होते. नासोरोने बार्केला मुद्दाम बोलावणे पाठवले. फोटोत ती हवीच होती. फमाऊने तिला विचारले, जाणार का? ती म्हणाली, "बोलावलंय तर जायला नको?"

काळा बुरखा घालून, मेंदी लावून ती आली. दाराशी मातीच्या धुपाटण्यात निखारे फुललेले होते आणि त्यांवर उदाचे तुकडे जळत होते. पाहुण्यांच्या स्वागताला आमच्याकडे ऊद लागतोच. समितीच्या प्रमुख खुर्चीत बसल्या होत्या, चष्मेवाल्या, वयस्कर. नासोरोने भाषण केले. समुद्र, कासवे, पुढची पिढी, सगळे त्यात होते. मग तो म्हणाला, "आणि हीच ती बी बार्के, जिच्या हातांनी हे ब्रश घडतात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने टोपलीतला एक ब्रश पिशवीतून काढून तिच्या हातात दिला आणि फोटोवाल्याला खूण केली.

"हसा, बी बार्के."

"हसते," ती म्हणाली. "आधी एक विचारू दे." ती प्रमुखबाईंकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "बाई, ह्या कार्डावर माझा फोटो आहे आणि लिहिलंय की हे कडुनिंबाचं लाकूड आहे. मी चुलीपुढं आयुष्य काढलंय. लाकूड निखाऱ्यावर ठेवलं तर काय होतं, ते तुम्हाला मला सांगायला नको."

असे म्हणून तिने तो ब्रश निखाऱ्यांवर ठेवला.

आधी काही झाले नाही. मग दांडा वाकला, मान टाकल्यासारखा. त्याच्यावरच्या छापील रेषा फुगल्या आणि काळा धूर निघाला. उदाचा सुगंध मेला आणि टायर जळल्यासारखी घाण सुटली. लोक नाकाला रुमाल लावून मागे सरले. मागच्या रांगेतल्या काही पाहुण्यांना वाटले, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी विसरणार नाही.

बार्केने माझ्या पेटीचे काचेचे दार सरकवले आणि मला बाहेर काढले. दोन वर्षांनी मला तिचा हात लागला. "हा खरा," ती म्हणाली आणि माझे टोक तिने निखाऱ्याला टेकवले.

मला भीती वाटली, हे कबूल करतो. चटका असा बसला की मी आतून तडकलो. पण मी वितळलो नाही. माझ्यातून पांढरा धूर निघाला, चुलीतून निघतो तसा. जमलेल्यांपैकी निम्मे लोक त्या वासात लहानाचे मोठे झाले होते. धक्क्यावरचा एक म्हातारा हमाल म्हणाला, "कडुनिंब." तेवढेच. ते एक शब्दाचे प्रशस्तिपत्र मला पुरेसे आहे.

नासोरो घामाघूम झाला होता. "पुरवठादाराची चूक झाली. आम्हाला कल्पना नव्हती. चौकशी करू."

"करा," बार्के म्हणाली. "पण पुरवठादाराला माझा फोटो कुणी दिला?"

प्रमुखबाईंनी चष्मा काढून पुसला आणि सन्मानपत्र पुन्हा पाकिटात घातले. बार्केने मला लेसोच्या टोकात गुंडाळले. नासोरो म्हणाला, "तो नमुना हॉटेलचा आहे."

"हा माझ्या तोंडात होता, मॅनेजरसाहेब. तुम्हाला हवा असेल तर घ्या आणि सगळ्यांसमोर दात घासून दाखवा."

ती मला घेऊन बाहेर पडली.

आता तुम्हाला वाटेल, खोटे उघडे पडले, गोष्ट संपली. मलाही तसेच वाटले होते. ते सन्मानपत्र रद्द झाले नाही, महिनाभर पुढे गेले. मग एका दुपारी चार माणसांत, ऊद न जाळता, हॉटेलला ते मिळाले. आणि झुहुराला कामावरून काढले. कारण काय, तर काचेच्या पेटीला कुलूप लावायचे विसरली. बार्केने तिचे नाव कुठेही घेतले नव्हते. पण कुणाला तरी काढायचे होते, आणि जिला काढणे सोपे होते तिला काढले.

त्या दिवशी मी बार्केला पहिल्यांदा रडताना पाहिले. गाढव मेले तेव्हा ती रडली नव्हती. झुहुरा समोर बसली होती आणि उलट तीच बार्केला पाणी देत होती.

"मावशी, मी काही मागायला आले नाही. मुळं ठेचायला जागा आहे का, ते विचारायला आले."

"तुझी जागा माझ्या शेजारी," बार्के म्हणाली. तिने नाक पुसले. "पण त्याआधी मला एक काम आहे."

काम हे होते. दुसऱ्या सकाळी ती फेरुझी हाउसच्या धक्क्यावर जाऊन बसली. मांडीवर टोपली. टोपलीत मी, जळका, आणि शेजारी झुहुराने घरी नेलेल्या त्या ब्रशचा वितळलेला गोळा, आणि कार्ड. होडीतून पाहुणे उतरले की ती काही बोलायची नाही. एका हातात मला धरायची, दुसऱ्या हातात तो गोळा, आणि गळ्याशी टाचलेल्या कार्डावरच्या फोटोशेजारी स्वतःचा चेहरा. नासोरोने पोलीस बोलावला. पोलिसाने विचारले, "बी बार्के, इथं विकायची परवानगी आहे का?"

"मी काही विकत नाही, बाळा. माझा फोटो इथं राहायला आलाय, त्याला भेटायला आलेय."

पोलिसाने हसू दाबले आणि तो निघून गेला. उन्हात ती एकोणीस दिवस बसली. फमाऊ दुपारी तिला भात आणि नारळाच्या रसातले मासे आणून द्यायचा आणि जवळ बसून दांडे घासायचा. विसाव्या दिवशी कार्ड बंद झाले. फोटो गेला, मजकूर गेला, पाटी उतरली. ब्रश प्लास्टिकचेच राहिले. निदान आता ते स्वतःला लाकूड म्हणवत नाहीत. एकोणीस दिवसांची कमाई एवढीच. मला ती थोडी वाटते. बार्केला विचाराल तर ती म्हणते, "माझा चेहरा परत आला, तो काय थोडा झाला?"

हॉटेलचे काम गेले म्हणून अंगण थांबले नाही. झुहुराने दांडे होडीवाल्यांना दाखवले, शाळेत नेले, मोहल्ल्यातल्या दुकानांत टांगले. शाळेतली मुले आठवड्याला नवे मूळ बसवायला अंगणात येतात आणि कुणाची खुंटी घट्ट बसली यावरून भांडतात. सगळे गाव घेते असे नाही. पुष्कळ जण अजून शेजारचा रंगीत ब्रशच उचलतात, कारण तो चकाकतो. कोनाड्यात बसून मी ते ऐकत आलो आणि जळत आलो.

मी आता म्हातारा झालो. निखाऱ्याने पडलेली चीर वाढत वाढत भोकापर्यंत आली आहे. खुंटी धरत नाही. आज संध्याकाळी बार्केने मला हातात घेतले, वाकवून पाहिले आणि सरपणाच्या टोपलीत टाकले.

फमाऊ दचकला. "वहिनी, हा पहिला आहे. जपून ठेवा."

"जपून ठेवायला तो काय प्लास्टिक आहे?" बार्के म्हणाली.

फमाऊने टोपलीकडे गेलेला हात मागे घेतला. प्लास्टिक टाकले तरी उरते, मी उरणार नव्हतो. आणि मग मला कळले की एवढे मोठे कौतुक माझे आजवर कुणी केले नव्हते.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारखे इतर जण शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी ते मागत नाही. मला जपू नका. वापरा, झिजवा आणि मातीला नाहीतर चुलीला देऊन टाका. जपायची वेळ आली तर झुहुरासारख्या माणसांना जपा, त्यांना सोपे समजून कुणी बाजूला काढले तर गप्प बसू नका. वस्तू हातात घेतली की ती ठोकून पाहा, वास घेऊन पाहा. तिच्यावर कुणाचा फोटो असेल तर त्या माणसाला विचारा. आणि टाकताना स्वतःला विचारा, ही कुठे जाणार? उत्तर येत नसेल तर घेऊच नका.

उद्या पहाटे बार्के चूल पेटवील तेव्हा मी सगळ्यात खाली असेन. माझ्यावर चहाचे पाणी उकळेल, झुहुरा आणि तिची मुले तो चहा पितील, आणि दुपारपर्यंत माझी राख भांडी घासायला जाईल. माझे काही उरणार नाही. राग तेवढा उरेल. तो मी तुमच्याकडे देऊन जातो. तो मात्र विझू देऊ नका.